दुर्गची छावणी

भिलाईला लागूनच शिवनाथेच्या बाजूस दुर्ग आहे. नावातच किल्ला असल्याने आपल्यापैकी पुष्कळांना तो मराठ्यांचा म्हणावासा वाटतो. ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरकारांनी या प्रसंगावर जेमतेम एक वाक्य खर्च केले आहे. पण ते सावकाश वाचले तर हा समज टिकत नाही. तेथे दोन निराळ्या गोष्टी आहेत: एक फार प्राचीन मातीचा किल्ला, आणि दुसरी, १७४१ मध्ये छत्तीसगड तुडविताना मराठ्यांनी गावच्या उंचवट्यावर खंदक खोदून केलेली छावणी. किल्ला हैहयांच्या व्यवस्थेतला. शिवनाथेच्या उत्तरेस रतनपूरचे अठरा गड, दक्षिणेस रायपूरचे अठरा. दुर्ग हा या दुसऱ्या अठरांतला. आपला होता तो केवळ मुक्काम.

ही छावणी उठली का, हे मात्र गॅझेटियरकार सांगत नाही. रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांची नजर बंगालवर होती; छत्तीसगड वाटेत होते. रतनपूर नमल्यावर १७४२ मध्ये फौज बंगालमध्ये पोचली, आणि १७४४ मध्ये मनकरा येथे भेटीच्या मिषाने भास्कररामांची हत्या झाली. मागे राहिलेला खंदक राखावयाचा कोणी आणि कशासाठी? १७५८ मध्ये बिंबाजी भोसले आले ते मात्र राज्य करावयास. त्यांनी राहावयास निवडले रतनपूर, आणि १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते तेथेच राहिले.

रतनपूरच्या शरणागतीची हकीकत तर फारच रेखीव आहे. राजा रघुनाथसिंह वृद्ध, पुत्रशोकाने खचलेला. तोफांनी वाड्याचा काही भाग ढासळतो. एक राणी तटावर चढून तहाचे निशाण दाखविते. ही कथा आपल्या हाती येते ती चिझमसाहेबांच्या १८६८ च्या जमाबंदी अहवालातून, म्हणजे सव्वाशे वर्षांनंतर. मला ती थोडी जास्तच घोटीव वाटते. उलट बंगालमधील गंगारामाचे 'महाराष्ट्रपुराण' पाहावे. ते १७५१ चे, स्वाऱ्या ताज्या असतानाचे. त्यात सेनापतीइतकाच गाव सोडून पळणारा माणूसही दिसतो. दुर्गच्या वाक्यात तो नाही. 'मोहिमेचे ठाणे' या शब्दप्रयोगात सारे कसे स्वच्छ वाटते! परंतु घोडदळाचा तळ म्हणजे रोजचे धान्य, चारा, सरपण. आणि हे सारे काही नागपूरहून येत नसणार. भोवतालच्या भातखाचरांतूनच ते उचलले गेले असले पाहिजे. आपण आज ज्या शेजाऱ्यांत राहतो, त्यांच्या पूर्वजांची बाजू एवढ्या अनुमानापुरतीच हाती लागते, हे त्या वाक्याचे खरे वैगुण्य होय.

पाहुण्यांना रतनपूरला नेऊन बिंबाजींनी टेकडीवर बांधविलेले राममंदिर खुशाल दाखवावे. दुर्गला मात्र जुना किल्ला हैहयांचा म्हणूनच सांगावा, आणि आपल्या नावावर फक्त तो उंचवटा.