पुढचा भाग येतो कुठे?

चित्रकादंबरीचा खंड नेमका नायकाच्या मानेवर तलवार आल्यावर संपला की वाचक चिडतो की खूश होतो, याची चर्चा बहुतेक वेळा लेखकाच्या कसबापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. आमच्या सास्तूर गावाहून पाहिलं तर हा आधी पुरवठ्याचा प्रश्न आहे. आमचा लोहारा तालुका झाला 1999 साली. त्याआधी आम्ही उमरगा तालुक्यात. कॉमिक्स मिळायची ती उमरग्याच्या नाहीतर लातूरच्या एसटी स्टँडवर, आणि तिथे भाग क्रमानं येत नसत. दुसरा आधी हाती लागे, पहिला पुढे कधीतरी रद्दीत सापडे, तिसरा आलाच तर नशीब. अशा वाचकाला लेखकाचा राग येऊन उपयोग नसतो. तो शेवट स्वतःच जुळवून मोकळा होतो. शाळेत नागराजच्या एकाच गोष्टीचे दोन-तीन शेवट फिरत असत आणि जो रंगवून सांगेल त्याचा खरा धरला जाई.

नागराज हिंदी, राज कॉमिक्स दिल्लीचं. पण 1986 सालचा पहिला नागराज काढला पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. नंतर संजय अष्टपुत्रे यांनी. ‘अमर चित्र कथे’ची पानं राम वाईरकर, दिलीप कदम यांच्या हातची. देशाला कॉमिक्स काढून देणारे इतके हात मराठी, आणि मराठीतली स्वतःची पाच-सहा खंडांची चित्रकादंबरी दाखवा म्हटलं तर डोकं खाजवावं लागतं.

‘क्रमशः’ आपल्याला नवं नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ 1890 पासून ‘करमणूक’मध्ये हप्त्याहप्त्यानं आली. पुढे मात्र रहस्याचा धंदा उलट दिशेनं गेला. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार असो की काळापहाड, गोष्ट त्याच पुस्तकात मिटायची. वाचनालयातून पुस्तक घरी नेणाऱ्याला ते बरं पडत असे, कारण दुसरा भाग कुणीतरी आधीच नेलेला असायचा. वाचक परत येई तो अडकलेल्या प्रसंगासाठी नव्हे, नायकासाठी.

चित्रांत लोंबकळत ठेवण्याची सवय लावली ती वर्तमानपत्रांतल्या पट्ट्यांनी. ली फॉकचा वेताळ अमेरिकेत 17 फेब्रुवारी 1936 पासून रोज तीन-चार चौकटींत छापला गेला. इंद्रजाल कॉमिक्सनं 1964 पासून त्याच पट्ट्या जोडून अंक काढले. मराठी इंद्रजाल जरा सावकाश चाळलं की सांधे दिसतात. दर तीन-चार चौकटींनी कुणीतरी दचकतो, दार करकरतं, झाडाआडून बंदुकीची नळी पुढे येते आणि लगेच पुढच्या चौकटीत काहीच झालेलं नसतं. मूळ वाचकानं त्या नळीवर एक रात्र काढली होती. आपण वेताळाच्या डेंकालीच्या जंगलातून एका दमात पलीकडे जात होतो. मला तर वाटतं, वेताळ आपल्याकडे इतका रुळला याचं अर्धं श्रेय या आयत्या सलगपणाला जातं.

लोंबकळता शेवट केव्हा जमतो, याचा नमुना मी हर्जेच्या टिनटिनमध्ये पाहतो. चंद्रमोहिमेची गोष्ट दोन अल्बमांत आहे, 1953 आणि 1954 सालच्या. पहिल्याच्या शेवटी अग्निबाण उडालेला आहे, जमिनीवरचं केंद्र रेडिओवरून हाका मारतंय आणि वरून उत्तर नाही. ना शत्रू, ना स्फोट, ना कड्यावरून लटकणारा माणूस. पूर्ण अल्बमभर गणितं, चाचण्या आणि कॅप्टन हॅडॉकची चिडचिड पाहिलेल्या वाचकाला कळतं की आता यातलं काहीच कामाचं नाही. म्हणजे जे वाचून झालं त्याचंच वजन शेवटच्या पानावर बदलतं. साप्ताहिकात ही गोष्ट चालू असताना हर्जेच्या आजारपणामुळे दीड वर्षाहून जास्त काळ थांबली होती. वाचक टिकले.

उलट बाजूला राज कॉमिक्सच्या बहुखंडी मालिका. ‘नागायण’ आठ भागांचं. रामकथेचा सांगाडा घेतलेला, कल्पना दमदार. पण अशा मालिकांत बऱ्याचदा गोष्ट वळत नाही, नुसती पानं संपतात. ठोसा उगारलेला असतो आणि पुढच्या भागाची जाहिरात येते. वाचक पुढचा भाग घेतो खरा. पण ती उधारीची वसुली असते, ओढ नव्हे. पुढे मालक गुप्ता बंधूंत कंपनीची वाटणी झाली आणि जुन्या वाचकांना आपली अर्धी मालिका आता कोणाकडून पुरी होणार, याचा हिशेब करावा लागला.

रागाची सगळ्यात बोलकी तऱ्हा दिसली ती ‘सागा’ या अमेरिकी कॉमिक्सच्या वेळी. ब्रायन के. वॉन आणि फियोना स्टेपल्स यांनी जुलै 2018 मध्ये 54व्या अंकात (नवव्या खंडाच्या टोकाला) एका मुख्य पात्राला मारलं आणि निदान वर्षभराची सुट्टी जाहीर केली. पुढचा अंक आला जानेवारी 2022 मध्ये. पात्राचं नाव मी लिहीत नाही; ज्यांनी वाचलं नसेल त्यांचा हक्क आहे. वाचक आधी हळहळले, मग वैतागले. पण आधीचं पुन्हा वाचलं तर तो मृत्यू सुरुवातीपासून कथेत मुरलेला आहे असं मला दिसतं. मालिका 108 अंकांची असं सांगितलेलं होतं, त्यामुळे ही मधली जागा आहे हे वाचकाला ठाऊक होतं. रागाच्या मुळाशी तो भरवसा होता.

भरवसाच तुटतो तेव्हा काय? केंतारो मिउरा मे 2021 मध्ये गेले. 1989 पासून चाललेली त्यांची जपानी चित्रमालिका ‘बर्सेर्क’ अर्धी राहिली. वर्षभरानं त्यांचे मित्र कोजी मोरी आणि शिष्यांचा स्टुडिओ यांनी, मिउरांनी तोंडी सांगितलेल्या कथेच्या आधारानं, ती पुढे सुरू केली. काही वाचकांना हे ऋण फेडणं वाटलं, काहींना उसना हात. मी पहिल्या गटात. टिनटिनचा शेवटचा अल्बम मात्र हर्जे 1983 मध्ये वारल्यावर कच्च्या रेघांतच छापला गेला, आणि टिनटिन बंदुकीच्या धाकानं पुतळा व्हायला निघालेला तसाच राहिला.

आमच्या भागात 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाची पहाट सांगणारी माणसं घरोघर आहेत. त्यांतला कुणी मध्येच थांबून ‘पुढं काय झालं असंल?’ म्हणून ताणत नाही. कोण वाचलं ते आधी सांगतात, मग बाकीचं. ओढ लावण्याचा खेळ ज्याला परवडतो त्यानं खेळावा.

श्रावणातल्या पोथीचा बेतही काहीसा असाच. ‘नवनाथ भक्तिसार’चे 40 अध्याय, अध्याय संपता संपता पुढच्यात काय येणार ते मालू कवी सांगूनच टाकतो, आणि तरी दुसऱ्या दिवशी सतरंजी भरते. ‘अमर चित्र कथे’चं 42 भागांचं महाभारत याच बळावर चाललं. अभिमन्यू परत येणार नाही हे कोणत्या पोराला ठाऊक नव्हतं? भाग हातात घेतला जाई तो दिलीप कदमांनी चक्रव्यूह कसा काढलाय ते पाहायला. आपल्या वाचकाची भूक ‘कसं’ची आहे. मराठीत चित्रकादंबरी काढू पाहणारे ‘काय’च्या मागे लागतात आणि पहिला खंड मोठ्या धक्क्यावर तोडून बसतात.

त्यात दुसरा खंड खपेल की नाही हे ठरायच्या आतच पहिल्याचे पैसे अडकतात. सगळी चित्रं पुरी झाल्यावर पहिला खंड बाजारात आणायचा तर चित्रकाराला दोन-तीन वर्षं पोसावं लागतं, आणि ते करणारा प्रकाशक मला दिसत नाही. दरम्यान सास्तूरची पोरं मोबाइलवर ‘वन पीस’ पाहतात. मूळ चित्रमालिका 1997 पासून चालू, शंभराच्या वर खंड, आणि पुढे कोण मरणार हे त्यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं. तरी पाहतात. शेवट फोडला म्हणून त्यांच्यात भांडण होतं, पण ते फार तर जेवणाच्या सुट्टीपुरतं.