हे गाणं अंदमानातलं नाही

मालवणच्या बंदरावर कुणी मोबाईलवर ‘सागरा प्राण तळमळला’ लावलं की बाजूचा हमखास सांगतो, “सावरकरांनी ह्या गाणा अंदमानात लिवल्यानी.” मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

प्रत्यक्षात ते डिसेंबर १९०९ मध्ये इंग्लंडात, ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलं. सोबत बिपिनचंद्र पालांचे चिरंजीव निरंजन पाल होते. ही आठवण त्यांनीच पुढे सांगितली. थोरले बंधू बाबाराव यांना त्याच वर्षी काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, पण सावरकर स्वतः अजून मोकळे होते. त्यांना अटक झाली मार्च १९१० मध्ये. अंदमान आलं १९११ मध्ये.

मग गाणं अंदमानात कसं पोचलं? थोडा हात कवितेचाच आहे. तिच्यात पिंजऱ्यातला पोपट आहे, फासात अडकलेलं हरीण आहे. पुढचं आयुष्य ठाऊक असलेल्या श्रोत्याला त्यात कोठडीच दिसते.

रशियातही असंच झालं. सायबेरियातून पळालेला कैदी माशांच्या पिंपात बसून बैकल सरोवर पार करतो, असं एक प्रसिद्ध ‘लोकगीत’ आहे. मूळ कविता द्मित्री दाविदोव या शिक्षकाची, १८५८ साली छापलेली. कैद्यांनी ती उचलली, कडवी गाळली, चाल लावली. कवीचं नाव मागे पडलं. दुःख जिथे सगळ्यात जास्त, तिथलंच गाणं, असं आपण धरून चालतो.

दाविदोवच्या गाण्याचं त्यात फारसं बिघडलं नाही. आपल्या गाण्याचं बिघडतं. अंदमानात नेलं की समुद्र म्हणजे तुरुंगाची भिंत होते. कवितेतला समुद्र मात्र ओळखीचा आहे. ‘परत आणून सोडतो’ असा शब्द देऊन त्याने या मुलाला नेलं आणि आता तो शब्द फिरवतोय. म्हणून कवी रडतो, हिशेब मागतो, शेवटी अगस्तीचं नाव काढून धमकावतोही. त्या ऋषीने एका आचमनात समुद्र पिऊन टाकला होता!

असं भांडण परक्याशी होत नाही. आपल्याकडे गाऱ्हाण्यात देवाला सुनावतात, तो हा सूर. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देणाऱ्या, मुंबईला नाहीतर दुबईला पोरगा पाठवून बसलेल्या घराला तो समजावून सांगावा लागत नाही. पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा अंदमान जरा बाजूला ठेवा आणि शेवटचं कडवं नीट ऐका.