सापाचा पाहुणचार

जेरल्ड डरेल यांचे ‘माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स’ हे पुस्तक इंग्रजी वाचणाऱ्या मुलांच्या हाती हौसेने दिले जाते, व ते योग्यच आहे. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनात कोर्फू या ग्रीक बेटावरील १९३५ ते १९३९ या काळातील वास्तव्याचे वर्णन आहे. बालनायकाने विंचू, कासव, घुबड, साप, जे सापडेल ते घरी आणावे व घरच्यांनी कपाळाला हात लावावा, असा एकंदर प्रकार. परंतु मुलांना जे पुस्तक आवडते ते त्यांना नकळत काही शिकवितही असते. रानात सापडलेला जीव ठेवावा की सोडावा, या प्रश्नाचे कोणते उत्तर हे पुस्तक देते, हे म्हणूनच पाहिले पाहिजे.

पुस्तकातील पाणसापांचा प्रसंग प्रसिद्ध आहे. मोठ्या खटपटीने पकडून आणलेले साप उन्हाने कासावीस होतात; मुलगा त्यांना स्नानाच्या टबात सोडतो; आणि शिकारीचा षोकी भाऊ तेथे स्नानास जाऊन घर डोक्यावर घेतो. हा विनोद अस्सल आहे. माणसांनाही प्राण्यांच्या पंक्तीस बसविण्याची जी युक्ती पुस्तकाच्या नावातच आहे, ती येथे पूर्णपणे साधली आहे. शिवाय साप दिसताच काठी शोधणाऱ्या समाजापुढे निर्भय कुतूहलाचा असा धडा ठेवणे, ही लहान कामगिरी नव्हे.

तथापि एक उणीव जाणवते. भावाची फजिती आपल्याला दिसते. सापांचे हाल ओझरते दिसतात. ते उन्हात कासावीस झाले, कारण त्यांना पाण्यातून काढून आणले गेले होते; पण हा कार्यकारणभाव हास्याच्या लोटात वाहून जातो. मुलगा दुष्ट नाही, उलट तो सापांची शुश्रूषाच करतो. परंतु जी पीडा आपणच उत्पन्न केली तिच्यावर उपचार करणे, यास दया म्हणावे काय?

याच्या शेजारी डी. एच. लॉरेन्स यांची ‘स्नेक’ ही कविता ठेवून पाहावी. ती १९२३ साली त्यांच्या ‘बर्ड्स, बीस्ट्स अँड फ्लॉवर्स’ या संग्रहात आली. स्थळ सिसिली, दिवस कडक उन्हाचा. तहानलेला साप आपण होऊन पाण्याच्या कुंडाशी येतो. कवीचे संस्कार त्यास मारावयास सांगतात, अंतःकरण त्याचा सन्मान करू पाहते. अखेर परतणाऱ्या सापावर तो लाकडाचा ओंडका फेकतो आणि लगेच स्वतःच्या क्षुद्रपणाने खजील होतो. लॉरेन्सचा साप आपल्या पायांनी आलेला पाहुणा आहे, डरेलचा धरून आणलेला. कवीने पाहुण्याचा अपमान केला, पण तो पाहुणा आहे हे ओळखले. डरेलने पाहुणचार मनापासून केला, पण पाहुण्यास यावयाचे होते काय, हे विचारले नाही.

मात्र डरेल यांच्यावर निकाल देण्यापूर्वी त्यांचे पुढील चरित्रही पाहिले पाहिजे. १९५९ साली त्यांनी जर्सी बेटावर प्राणिसंग्रहालय उघडले ते नष्टप्राय जाती वाचविण्याच्या हेतूने. मॉरिशसजवळील राउंड बेटावर शेळ्या व सशांनी झाडोरा फस्त केल्यामुळे तेथील बोआ जातीचा एक साप विनाशाच्या काठावर आला होता. त्यांतील काही जर्सीस नेऊन तेथे त्यांची वीण करण्यात आली. पुढे १९८६ साली राउंड बेटावरील सशांचे निर्मूलन झाले, आणि २०१२ साली तेथील काही साप शेजारच्या गनर्स कॉइन बेटावर, जेथून ते पूर्वी नामशेष झाले होते, पुन्हा सोडण्यात आले. कोर्फूच्या मुलाने स्वतःच्या आनंदासाठी साप ठेवला. पन्नाशी ओलांडलेल्या त्याच माणसाने सापाच्या गरजेसाठी ठेवला. ठेवावे की सोडावे याची कसोटी ती हीच. घर उरले नसेल तर ठेवणे हे रक्षण होय. घर शाबूत असता ठेवणे हे हरण होय.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, धामण, दिवड यांसारखे साप पकडून घरी ठेवण्यास मनाई केली आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षा कारण समजलेले बरे. रानातून आणलेला साप कोंडला असता पुष्कळदा अन्नास तोंड लावीत नाही. आणि दूर, परक्या जागी सोडला तर ओळखीचा आसरा हरवून भटकतो व बहुधा प्राणास मुकतो. त्यामुळे कंटाळा येताच ‘कोठे तरी’ सोडून देणे, यासही सुटका म्हणता येत नाही. डरेल यांचे पुस्तक मुलांस अवश्य द्यावे. पाणसापांच्या पानावर त्यांना पोट धरून हसूही द्यावे. मग एवढेच विचारावे की, त्या टबात सापांना काय वाटले असेल? विनोदाची गोडी त्याने कमी होणार नाही. आणि पुढे ओढ्याकाठी दिवड दिसली, तर तिला पाहून तेथेच राहू देण्याचे शहाणपण मुलास सुचेल.