कुटुंबस्मृती आणि चित्रकृती : ‘रीटेक ऑफ अमृता’ या चित्रमालेचा विचार

घराण्यात एखादा चित्रकार होऊन गेला म्हणजे त्याच्या चित्रांची वाटणी करता येते. त्याच्या स्मृतीची करता येत नाही. चित्रे संग्रहालयात जातात, विकली जातात, नातलगांच्या दिवाणखान्यात टांगली जातात. स्मृती मात्र घरातच राहते आणि ज्याच्या हाती ती पडते त्याच्या स्वभावाप्रमाणे घडत जाते. म्हणूनच दिवंगत चित्रकाराच्या आप्ताने केलेल्या स्मरणाकडे समीक्षकाने नेहमीच किंचित सावधपणे पाहिले पाहिजे. त्यातून हा आप्त स्वतःच चित्रकार असला, तर प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. विवान सुंदरम् यांनी २००१-०२ मध्ये सिद्ध केलेली ‘रीटेक ऑफ अमृता’ ही छायाचित्रमाला या दृष्टीने विचारार्ह आहे.

अमृता शेर-गिल ही सुंदरम् यांची मावशी. तिचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी बुडापेस्ट येथे झाला आणि ५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोर येथे, वयाची अवघी २८ वर्षे पुरी झाली असताना, तिचा मृत्यू झाला. तिची धाकटी बहीण इंदिरा हिचे पुत्र विवान यांचा जन्म १९४३ चा. म्हणजे मावशीला त्यांनी पाहिलेलेच नाही. त्यांना वारशाने जे मिळाले ते बोलण्यातून आलेले, पत्रांतून उरलेले आणि मुख्यतः आजोबांच्या कॅमेऱ्यातून उतरलेले होते. आजोबा सरदार उमरावसिंग शेर-गिल हे संस्कृत व फारसीचे व्यासंगी आणि छायाचित्रणाचे आयुष्यभराचे उपासक. पत्नी, दोन मुली आणि स्वतःचा देह, हेच त्यांच्या छायाचित्रणाचे प्रमुख विषय. पंधरा दिवसांच्या उपवासानंतर काढलेले त्यांचे कृश, उघड्या अंगाचे आत्मचित्र ज्याने पाहिले आहे, त्याला या गृहस्थाला केवळ हौशी म्हणून बाजूस सारता येणार नाही.

याच छायाचित्रांचे अंश संगणकाच्या साहाय्याने एकमेकांत गुंफून, क्वचित् त्यांत अमृतेच्या चित्रांचेही तुकडे मिसळून, सुंदरम् यांनी नवी दृश्ये रचली. भिन्न वर्षांतील, भिन्न शहरांतील माणसे त्यांत एकाच खोलीत येतात. पॅरिसमधील तरुणी आणि सिमल्यातील बालिका एकमेकींच्या शेजारी उभ्या राहतात. पिता आपल्याच वार्धक्याकडे पाहतो. जोडाची रेघ बहुधा दिसत नाही, आणि ती दिसू नये अशीच योजना आहे. प्रेक्षक प्रथम फसतो, मग सावध होतो आणि नंतर मूळ छायाचित्र तरी कितपत खरे होते, असा प्रश्न स्वतःलाच विचारू लागतो. हा प्रश्न उगाच काढलेला नाही. उमरावसिंगांच्या मूळ छायाचित्रांतही आरसे आहेत, मुद्दाम घेतलेले पवित्रे आहेत, वेषांतरे आहेत. कुटुंबाने कॅमेऱ्यापुढे स्वतःला आधीच रचून घेतले होते. नातवाने त्या रचनेवर दुसरी रचना चढविली. मालेचे नावही तेच सांगते. चित्रपटाच्या व्यवसायात एखादे दृश्य मनासारखे न उतरल्यास ते पुन्हा घेतात, त्याला ‘रीटेक’ म्हणतात.

या मालेचे मोठे यश कोणते, असे विचारल्यास एक काहीसे अनपेक्षित उत्तर द्यावे लागते. मावशीचा शोध घेता घेता येथे आजोबा सापडले. अमृतेच्या कीर्तीच्या छायेत उमरावसिंग हे दीर्घकाळ केवळ ‘चित्रकर्तीचे वडील’ म्हणून उल्लेखिले जात. या मालेनंतरच्या काळात त्यांच्या छायाचित्रांचा स्वतंत्र कलाकृती म्हणून विचार होऊ लागला. मुलीकडे पाहणारी बापाची दृष्टी वात्सल्याची आहे, कौतुकाची आहे आणि कोठे कोठे अस्वस्थ करणारीही आहे. सुंदरम् ती लपवीत नाहीत, उलट दोन प्रतिमा शेजारी मांडून ती उघडी करतात. घरच्या माणसाला हे धैर्य सहसा होत नाही.

तथापि या मालेची एक उणीव दृष्टीआड करता येत नाही. अमृता शेर-गिल ही प्रथम रंगांची चित्रकर्ती होती. १९३२ चे ‘यंग गर्ल्स’ हे चित्र, ज्याच्यासाठी इंदिरा हीच प्रतिमान म्हणून बसली होती आणि ज्याने तिला १९३३ मध्ये पॅरिसच्या ग्राँ सालोंचे सहसदस्यत्व मिळवून दिले, ते युरोपीय शिक्षणाचे फळ होय. पुढे १९३६ च्या अखेरीस मुंबईतील प्रदर्शनानंतर तिने अजिंठा व वेरूळ पाहिले, दक्षिणेचा प्रवास केला, आणि १९३७ मध्ये ‘ब्राइड्स टॉयलेट’, ‘ब्रह्मचारीज’ व ‘साउथ इंडियन व्हिलेजर्स गोइंग टु मार्केट’ ही तीन चित्रे रंगविली. त्यांत काव, तांबडा आणि पांढरा यांचा जो गंभीर मेळ आहे, आकृतींना जी भित्तिचित्राची स्थिरता आली आहे, ती अजिंठ्याच्या ऋणाशिवाय समजत नाही. मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीने १९३७ मध्ये तिच्या ‘थ्री गर्ल्स’ला सुवर्णपदक दिले आणि मुंबईतीलच कार्ल खंडालावाला यांनी तिच्या कलेचा आरंभीचा साक्षेपी परामर्श घेतला, हे येथे आठवावे. भाच्याच्या मालेत मात्र कृष्णधवलाचेच राज्य आहे. त्यामुळे अमृतेचा चेहरा जेवढा प्रकर्षाने पुढे येतो, तेवढा तिचा हात येत नाही. घराला माणूस आठवतो. त्या माणसाने रोज सकाळी पटापुढे उभे राहून काय केले, ते घराच्या आठवणीत क्वचितच असते.

सुंदरम् यांना ही मर्यादा ठाऊक नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७२ मध्ये मुंबईच्या ‘मार्ग’ने काढलेल्या अमृताविषयक ग्रंथात त्यांचा सहभाग होता, १९८३-८४ मध्ये त्यांनी ‘द शेर-गिल फॅमिली’ हे तैलचित्र रंगविले, १९९५ मध्ये ‘द शेर-गिल आर्काइव्ह’ ही पेट्या व छायाचित्रे यांची मांडणी केली. आणि २०१० मध्ये तिची पत्रे व लेखन यांचे दोन खंड संपादून प्रसिद्ध केले. हे खंड म्हणजे ‘रीटेक’चा आवश्यक असा प्रतिवाद होय. छायाचित्रात जी मूकपणे बसते ती येथे तावातावाने बोलते. आपल्या समकालीनांविषयी कठोर मते देते, पैशाची विवंचना सांगते, आईवडिलांशी वाद घालते.

या पत्रव्यवहारातील एक प्रसंग सर्व कुटुंबस्मृतीच्या मुळाशी हात घालणारा आहे. अमृता घरापासून दूर असताना आईवडिलांनी तिला आलेली पत्रे जाळून टाकली. जवाहरलाल नेहरूंची पत्रेही त्यांतच गेली. अब्रूच्या काळजीने हे झाले असावे. ती काळजी त्या काळच्या कोणत्याही सुसंस्कृत घराला अपरिचित नव्हती. अमृतेला मात्र त्याचा आघात सोसवला नाही, आणि तिने तो घरी स्पष्टपणे लिहून कळविला. मुलीचे प्रत्येक वळण काचेवर जतन करणारा पिता आणि तिची पत्रे अग्नीच्या स्वाधीन करणारे आईबाप यांत विरोध पाहण्याचे कारण नाही. दोन्ही ठिकाणी मुलगी जगाला कशी दिसावी हे ठरविण्याचा अधिकार घराने आपल्याकडे ठेवला आहे. सुंदरम् यांनी हे पत्र संपादनातून गाळले नाही. भाच्याच्या स्मरणाला पुराव्याची योग्यता येते ती यामुळे.

चित्रांच्या बाबतीत घराने हा अधिकार सोडला. कुटुंबीयांकडील चित्रांचा मोठा भाग १९५४ मध्ये सुरू झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात गेला, आणि १९७६ मध्ये तिची चित्रे राष्ट्रीय कलानिधी ठरल्याने त्यांच्या निर्यातीस बंदी झाली. सुंदरम् २०२३ च्या मार्चमध्ये निवर्तले. आता मावशी आणि भाचा हे दोघेही अभ्यासकांच्याच हाती आहेत. अभ्यासकाने लाहोरला अपुरे राहिलेले ते शेवटचे चित्रही या छायाचित्रांच्या शेजारी ठेवून पाहावे. खिडकीतून दिसणारी घरे, म्हशी, सपाट आणि जवळजवळ अमूर्त होऊ घातलेले रंगांचे पट्टे एवढेच त्यात आहे. घरचे कोणीही त्यात नाही.