‘सूक्ष्म’ म्हणजे किती सूक्ष्म?

मंडळी, वडूजच्या माणसाला बांधाचा वाद समजावून सांगावा लागत नाही. झाड बांधाच्या अलीकडे की पलीकडे, एवढाच प्रश्न. ‘जवळजवळ अलीकडे’ हे उत्तर तिथे चालत नाही. आज ‘लीलावती’तल्या एका शब्दाची चिकित्सा आम्ही याच नजरेने करणार आहोत.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास परीघ-व्यासाची दोन गुणोत्तरे दिली. ३९२७/१२५०, म्हणजे ३.१४१६, हे सूक्ष्म. २२/७ हे स्थूल, व्यवहारापुरते.

आता एक संख्यामाला करू. ज्या धन पूर्णांकाची साइन शून्याहून लहान, तेवढेच लिहायचे. कोन रेडियनमध्ये, म्हणजे ‘पाय’च्या प्रत्येक पटीला साइनचे चिन्ह बदलते, तोच आपला बांध. ४, ५, ६. १०, ११, १२. १६, १७, १८. तीन सोडा, तीन घ्या. सापडला नियम? पण पुढे येतात २२, २३, २४ आणि २५ सुद्धा! ‘पाय’ची आठपट २५.१३ भरते, म्हणून २५ अजून अलीकडेच. पुनःपुन्हा पाहणे याला आपले नैयायिक भूयोदर्शन म्हणतात. तेवढ्याने व्याप्ती सिद्ध होत नाही, ती अशी.

मग गुणोत्तर वापरून ठरवू. २२/७ घेतले तर २२ नेमका बांधावर बसतो, साइन शून्य, आणि यादीतून गळतो. स्थूल मान इथेच हरले. ३.१४१६ मात्र ३५४ पर्यंत एकदाही चुकत नाही. ३५५ ला चुकते! ११३ गुणिले ३.१४१६ म्हणजे ३५५.०००८, म्हणून ३५५ अलीकडे, साइन धन. खरी ११३ पट ३५४.९९९९७ आहे, ३५५ पलीकडे, साइन ऋण. फरक केसाएवढा, निकाल मात्र उलटा.

कोणी म्हणेल, आचार्यांना हा प्रश्न पडलाच नव्हता. कबूल. त्यांच्या मापाला आम्ही दोष देत नाही. आक्षेप एवढाच, की स्थूल कशासाठी ते त्यांनी सांगितले, सूक्ष्म कशासाठी ते सांगितले नाही. ‘पाय’ अपरिमेय आहे हे लाम्बर्टने १७६१ मध्ये सिद्ध केले. तेव्हा कोणताही अपूर्णांक घ्या, या मालेत तो कुठेतरी चुकणारच.

म्हणून ‘सूक्ष्म’ हा मापाचा गुण नव्हे, माप आणि प्रश्न यांच्यातले नाते आहे. कोणी ‘अचूक आकडा’ म्हणून पुढे केला, तर आपण आधी विचारावे: कोणत्या प्रश्नासाठी?