मरणोत्तर मद्यांशाचा अन्वयार्थ : एक चिकित्सा

प्रस्तावना :
शवविच्छेदनानंतर राखून ठेवलेल्या व्हिसेऱ्याचा अहवाल न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडून येतो. त्यात इथाइल अल्कोहोल आढळल्याची नोंद असली की मृत व्यक्ती नशेत होती, असे सर्रास गृहीत धरले जाते. शेतकरी अपघात योजनेत नशेच्या अमलाखालील अपघात वगळलेले असल्याने वारसांची दोन लाखांची मदत अनेकदा या एका नोंदीवर अडते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
मृत्यूनंतर शरीरातील शर्करेवर जिवाणू व यीस्ट यांची क्रिया होऊन अल्कोहोल तयार होऊ शकते. उन्हात पडलेल्या अथवा विलंबाने विच्छेदन झालेल्या मृतदेहात हा संभव अधिक. जठरातील मद्य हृदयाच्या रक्तात झिरपते, ते वेगळेच. म्हणून मांडीच्या शिरेतील रक्त सोडियम फ्लोराइड घालून घ्यावे, जोडीला मूत्र व नेत्रगोलातील द्रव तपासावा. हा द्रव कुजण्यापासून तुलनेने सुरक्षित असतो. रक्तात अल्कोहोल आहे, पण या दोहोंत नाही, तर ते मरणोत्तर असल्याचा संशय बळावतो. तिन्ही ठिकाणी ते सुसंगत प्रमाणात आढळले, तर मद्यप्राशनाचे अनुमान सबळ ठरते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधील १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा जिवंत चालकासाठी आहे. यकृताच्या तुकड्याला ती लावता येत नाही. बचूभाई करयानी खटल्यात (१९७१) सर्वोच्च न्यायालयाने केवळ दारूचा वास व अडखळती चाल हा नशेचा निर्णायक पुरावा मानला नाही. जो स्वतःची बाजू मांडू शकत नाही, त्याच्याबाबत तर अधिक काटेकोरपणा हवा.

याची दुसरी बाजूही आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये, जिल्हा परिषद निवडणुकीच्या काळात, भिंगारच्याच नगर तालुक्यातील पांगरमल येथे विषारी दारूने बळी घेतले. विषारी दारूत बहुधा मिथेनॉलचा संशय असतो. त्याचे यकृतात फॉर्मिक आम्लात रूपांतर होते. रुग्ण काही दिवसांनी दगावल्यास मिथेनॉल सापडेलच असे नाही. तेव्हा फॉर्मिक आम्लाचा शोध घ्यावा लागतो.

निष्कर्ष :
सारांश, अल्कोहोल 'आढळले' म्हणजे ते 'प्राशन केले' असे नव्हे. 'आढळले नाही' म्हणजे विषबाधा नव्हती, असेही नव्हे. नमुना कोठून, किती तासांनी व कोणत्या परिरक्षकात घेतला आणि प्रमाण किती, याची नोंद नसलेल्या अहवालावरून वारसांचा हक्क नाकारणे शास्त्राला व न्यायाला धरून नाही.