बर्फ टाळून गेलेली वाट : 'वाइल्ड' वाचताना

आमच्या कन्येने एका संध्याकाळी जेवताना जाहीर केले, "बाबा, मी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल करणार. एकटी." हिची पोळी तव्यावरच राहिली. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत सुमारे २,६५० मैल! खोदून विचारल्यावर कळले, की या खुळाचे मूळ 'वाइल्ड' (२०१४) या चित्रपटात आहे. मग मी शेरिल स्ट्रेडचे मूळ पुस्तक (२०१२) वाचायला घेतले. काळजीत पडलेल्या बापाने केलेले हे परीक्षण आहे, तेव्हा ते अगदी निष्पक्ष असेल असे समजू नका!

आई कर्करोगाने गेली, पाठोपाठ संसार मोडला, आणि १९९५ साली सव्वीस वर्षांची शेरिल मोहावीच्या वाळवंटातून चालू लागली. तिने सुमारे १,१०० मैल वाट तुडवली. पाठीवरच्या बोजाला तिने 'मॉन्स्टर' असे नाव दिले होते. एक बूट दरीत पडल्यावर तिने दुसराही भिरकावून दिला, तो प्रसंग वाचताना आपणही तिच्याबरोबर ओरडतो. स्वतःची फजिती इतक्या मोकळेपणाने सांगणारी लेखिका विरळाच.

जाणकार ट्रेकर मंडळींचा तिच्यावर राग आहे, तो तयारीवाचून निघाल्याबद्दल. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. त्या वर्षी सिएरा नेवाडात बर्फ फार होते. केनेडी मेडोजला पोचल्यावर तिने हाय सिएराचा टप्पा गाळला आणि बसने वळसा घालून ती उत्तरेला गेली. तेरा हजार फुटांवरची फॉरेस्टर खिंड त्या गाळलेल्या टप्प्यातच येते. माझ्या मते साऱ्या पुस्तकातला सर्वात शहाणा निर्णय हाच!

माझी तक्रार वेगळीच आहे. पुस्तकात बर्फ येते ते आरशासारखे. पुढे बर्फात तिला कोल्हा भेटतो. त्याला हाक मारता मारता तिच्या तोंडून आईला हाक जाते. प्रसंग हृदयस्पर्शी आहे, यात वाद नाही. पण बर्फ हे बर्फही असते! दुपारी ते वितळते आणि ओढे फुगतात. सकाळी गुडघ्याएवढा असलेला ओढा संध्याकाळी मांडीला लागतो. हे व्यवहारज्ञान 'वाइल्ड'मध्ये शोधून सापडत नाही. चित्रपटात तर थंडी फक्त दिसते, बोचत नाही.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. कन्येचा हट्ट मोडवेना, म्हणून जुलै २०१९ मध्ये आम्ही दोघे जॉन म्यूर ट्रेलच्या एका टप्प्यावर गेलो. बेअर क्रीकशी पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. पाणी पांढरेशुभ्र उसळत होते, तळ दिसत नव्हता. ती म्हणाली, "बाबा, दहा पावलांचा तर प्रश्न आहे." २०१७ साली याच सिएरातले ओढे ओलांडताना दोन तरुणी बुडाल्या होत्या, ते मला आठवले. मी म्हणालो, "शेरिलनं काय केलं असतं?" ती रागावली, पण थांबली.

तंबू ठोकला. पहाटे सहाला तेच पाणी गुडघ्यापर्यंत उतरले होते. बूट पायांत ठेवूनच, पाठपिशवीचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडून, काठ्या रोवत, प्रवाहाकडे तोंड करून आम्ही तिरके सरकलो. पट्टे सोडायचे ते अशासाठी, की पडलोच तर बोजा झटकता यावा. पलीकडे गेल्यावर पावलांत जीव यायला पंधरा मिनिटे लागली.

गो. नी. दांडेकरांचे 'कुणा एकाची भ्रमणगाथा' वाचलेल्यांना नर्मदा परिक्रमेचा नियम ठाऊक असेल. मैया सदैव उजव्या हाताला, तिचे पात्र ओलांडायचे नाही. ओलांडले नाही म्हणून तिथे कुणी परिक्रमावासी उणा ठरत नाही. अमेरिकेत मात्र 'संपूर्ण' चालण्याचा ध्यास इतका, की टप्पा गाळणाऱ्याला आपण काही लबाडी केली असेच वाटत राहते. शेरिलच्या पुस्तकाने तो सल घालवला, हे त्याचे मोठे श्रेय. मात्र तिथून पुढे पाण्याकडे पाणी म्हणून पाहायला शिकवणारे पुस्तक वेगळे असावे लागेल.

तेव्हा मंडळी, 'वाइल्ड' जरूर वाचा, मुलांनाही द्या. पण ते मार्गदर्शक समजून नको, एका शोकाची गोष्ट म्हणून. आमची कन्या अजून एकटी जायचे म्हणतेच आहे. फरक इतकाच, की हल्ली ती किती मैल चालायचे ते सांगत नाही. त्या वर्षी बर्फ किती पडले, ते आधी विचारते.